व्यक्तिमत्त्व सिद्धांतांचा शनिवारचा वर्ग: आत जरूर जा, दारातला फॉर्म भरू नका

आधी व्यवहाराचं. नाशकात कॉलेज रोडच्या अंगाला एक समुपदेशन केंद्र आहे. तिथे वर्षातून दोनदा व्यक्तिमत्त्वाच्या प्रमुख सिद्धांतांची ओळख करून देणारा वर्ग भरतो. आठ शनिवार, संध्याकाळी साडेपाच ते साडेसात, फी साडेचार हजार. मानसशास्त्राची पदवी लागत नाही, शिकवणं मराठीतून, शेवटी प्रमाणपत्र. केंद्राचं नाव लिहीत नाही, कारण पुढे त्यांच्या एका जोडधंद्याबद्दल कडू बोलणार आहे आणि शिकवणाऱ्या सरांचा त्यात काडीचा दोष नाही. ज्यांना जायचंय त्यांना शोधून सापडेल.

मी गेले ते कामापायी. अंबड एमआयडीसीतल्या एका प्रेस शॉपमध्ये मी एचआर बघते. म्हणजे ऑपरेटर, फिटर, सुपरवायझर घ्यायचे, त्यांची भांडणं मिटवायची, सोडून गेले की पुन्हा जाहिरात द्यायची. अधूनमधून कुणीतरी कन्सल्टंट येतो आणि ‘मॅडम, वीस मिनिटांत उमेदवाराचं अख्खं व्यक्तिमत्त्व समोर’ अशी चाचणी विकायला बसतो. मालकांना ती आवडते, कारण रिपोर्ट रंगीत असतो. अशा माणसाला निदान दोन नेमके प्रश्न विचारता यावेत, एवढ्यासाठी पैसे भरले.

वर्गात आम्ही वीसेक जण. एसटीतून निवृत्त झालेले एक काका, जिल्हा परिषद शाळेतल्या एक ताई, नुकतंच लग्न ठरलेलं एक जोडपं (ते का आले होते ते त्यांनाच ठाऊक), आणि एसएसबीची, म्हणजे सैन्यात अधिकारी निवडण्याच्या मुलाखतीची, तयारी करणारी दोन पोरं. सर कॉलेजातून निवृत्त झालेले, खडू-फळ्याचे. स्लाइड नाहीत. प्रत्येक शनिवारी शेवटची दहा मिनिटं ते एकच प्रश्न विचारायचे: “आज जे सांगितलं ते खोटं ठरवायचं असेल, तर काय दाखवावं लागेल?” आख्ख्या वर्गाचा जीव ह्या प्रश्नात आहे. पहिल्या दिवशी कुणालाच उत्तर देता आलं नाही. शेवटी शेवटी काकासुद्धा हात वर करायला लागले.

मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड, त्याला दोन शनिवार दिले, ते मला जास्त वाटले. इदम, अहम, पराहम (मनातली हाव, व्यवहाराचं भान आणि सदसद्विवेकाची टोचणी) ही त्रयी बारावीच्या पुस्तकातही आहे. फ्रॉइडने ती १९२३ मध्ये मांडली, म्हणजे वयाच्या सदुसष्टीला आला तेव्हा. स्वप्नांवरचं काम त्याच्या वीसेक वर्षं आधीचं. सरांनी गोष्ट रंगवली छान: व्हिएन्नातला तो दवाखाना, १९३८ मध्ये नाझींमुळे सोडावं लागलेलं गाव, पुढच्याच वर्षी लंडनमध्ये मृत्यू. त्याच्या टेबलावर पुराणवस्तूंची गर्दी असायची आणि त्यात एक हस्तिदंती विष्णू होता. पंच्याहत्तराव्या वाढदिवसाला, १९३१ मध्ये, तो कलकत्त्याहून भेट म्हणून गेला होता. गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ मध्येच तिथे मनोविश्लेषणाची भारतीय संस्था काढली होती आणि फ्रॉइडशी त्यांचा पत्रव्यवहार होता. हे सगळं एका वाक्यात उरकलं, ही माझी पहिली तक्रार. विष्णूवर वीस मिनिटं दिली असती तर चाललं असतं. अबोध मनाच्या हिमनगाचं चित्र कमी वेळा काढायचं.

मात्र शेवटच्या दहा मिनिटांनी हे दोन शनिवार वसूल केले. प्रश्न नेहमीचाच. एसएसबीवाल्यांपैकी एक म्हणाला, मुलगा वडिलांवर चिडत असेल तर ते फ्रॉइड म्हणतो तसंच झालं, आईच्या प्रेमात वडील प्रतिस्पर्धी वाटतात. सर म्हणाले, आणि वडिलांवर जीव टाकत असेल तर? पोरगा म्हणाला, तर मग दडपलंय. सर नुसते बघत राहिले. मग फळा पुसला.

दुसरी तक्रार बायकांची. आठ शनिवारांत फळ्यावर जेवढी नावं आली ती सगळी पुरुषांची. संरक्षण यंत्रणांची, म्हणजे त्रासापासून वाचायला मन ज्या युक्त्या करतं त्यांची, यादी आम्ही वहीत उतरवून घेतली, नकार, प्रक्षेपण, विस्थापन वगैरे, पण ती पद्धतशीर मांडली १९३६ मध्ये ॲना फ्रॉइडने, हे सांगायचं राहिलं. यादी बापाच्या खात्यावर गेली. मनोविश्लेषक कॅरेन हॉर्नाय तर आलीच नाही. स्त्रियांना पुरुषांचा मत्सर वाटतो ह्या फ्रॉइडच्या सिद्धांताला तिने तेव्हाच उलट विचारलं होतं, की मूल जन्माला घालण्याच्या क्षमतेचा पुरुषांना वाटणारा मत्सर कुठे गेला? लोकांकडे झुकणारे, लोकांच्या अंगावर जाणारे आणि लोकांपासून लांब सरकणारे, ही तिची तीन प्रकारची विभागणी माझ्या कॅन्टीनमध्ये रोज दुपारी एक वाजता बघायला मिळते. मी सरांना चहाच्या वेळी म्हटलं. ते म्हणाले, “बरोबर आहे तुमचं, पुढच्या बॅचला घेतो.” बघू.

युंग आणि ॲडलर एकाच संध्याकाळी. दोघेही फ्रॉइडपासून फुटलेले, ॲडलर १९११ मध्ये, युंग १९१३ च्या सुमारास. अंतर्मुख-बहिर्मुख ही जोडी आज जो तो वापरतो, ती युंगने १९२१ मध्ये रुळवली. तो १९३७ च्या डिसेंबरात मुंबईला उतरला होता, विज्ञान परिषदेच्या रौप्यमहोत्सवासाठी, आणि कलकत्त्यात आमांशाने इस्पितळात पडला, हे ऐकून काकांना फार बरं वाटलं. ॲडलरचा न्यूनगंड सगळ्यांना पाठ. त्याचा जन्मक्रमाचा भाग मात्र वर्गात चांगलाच पेटला. थोरला जबाबदार, शेंडेफळ लाडावलेलं, मधल्याची कुतरओढ: जो तो आपल्या घरचा दाखला देत होता. सरांनी दहा मिनिटं सगळ्यांना बोलू दिलं आणि मग २०१५ सालच्या अभ्यासांचे आकडे फळ्यावर लिहिले. एक अमेरिकेतल्या पावणेचार लाखांहून जास्त शाळकरी मुलांवरचा, दुसरा अमेरिका, ब्रिटन आणि जर्मनीतल्या वीस हजार लोकांवरचा. जन्मक्रमाचा स्वभावावर परिणाम जवळजवळ शून्य. काका म्हणाले, “आकडे काही म्हणोत, आमचा धाकटा तसाच आहे.”

आता ज्या संध्याकाळसाठी मी हा वर्ग कुणालाही सुचवेन तिच्याबद्दल. चौथा शनिवार, गुणविशेषांचा, म्हणजे स्वभावातल्या टिकाऊ लक्षणांचा. सुरुवात अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ऑलपोर्टच्या किश्शाने. १९२० मध्ये, बावीस वर्षांचा असताना, तो व्हिएन्नात फ्रॉइडला भेटायला गेला. फ्रॉइड काही बोलेना. अवघडून ऑलपोर्टने येताना ट्राममध्ये पाहिलेला चारेक वर्षांचा पोरगा सांगितला: घाणीला भलता भ्यायचा, इथे बसायचं नाही, त्या मळक्या माणसाशेजारी बसवू नकोस, आणि शेजारी त्याची कडक इस्त्रीची आई. फ्रॉइडने ऐकून घेतलं आणि विचारलं, तो छोटा मुलगा म्हणजे तुम्हीच का? ऑलपोर्टने त्यातून घेतलं ते एवढंच, की फार खोल बुडी मारण्याआधी वरवर काय दिसतंय ते तरी नीट पाहावं.

आणि त्याने पाहिलं ते शब्दकोशात. १९३६ मध्ये ऑलपोर्ट आणि ऑडबर्ट यांनी इंग्रजी कोश चाळून माणसाचं वर्णन करणारे १७,९५३ शब्द काढले. त्यातले साडेचार हजारच्या आसपास टिकाऊ स्वभावाचे, बाकीचे तात्पुरत्या मनःस्थितीचे, निंदास्तुतीचे वगैरे. तर्क असा, की माणसामाणसांतला जो फरक जगताना महत्त्वाचा, त्याला लोक शब्द पाडतातच.

सरांनी हा प्रयोग आमच्यावर केला. खडू घेऊन उभे राहिले आणि म्हणाले, बोला. पहिलं मिनिट सगळे गप्प, मग जो धबधबा सुरू झाला: घुम्या, भिडस्त, आगाऊ, हेकट, लोचट, फटकळ, तिरसट, कुचका, धांदरट, सोशिक, कामसू, चेंगट, बोलघेवडा, उतावळा. शाळेतल्या ताईंचा साठा सर्वांत दांडगा होता. फळा भरल्यावर, कुठले शब्द एकाच माणसाला लागतात ते जुळवा म्हणाले. धांदरट आणि उतावळा बहुधा एकत्र. कामसूच्या घरात चेंगट उलट टोकाला. ‘आतल्या गाठीचा’ वर मारामारी झाली. अर्धा वर्ग म्हणे तो अंतर्मुख, अर्धा म्हणे छे, तो माणूस चारचौघांत गोड बोलतो, त्याचं दुखणं वेगळंच. एसएसबीवाला उठून फळ्याजवळ गेला आणि त्याने तो शब्द खोडून ‘सौहार्द कमी’च्या रकान्यात लिहिला, ताईंनी तो पुन्हा मागे आणला. सर बाजूला उभे राहून हसत होते. हेच काम संशोधकांनी गणिताने केलं, आधी कॅटेलने सोळा घटकांपर्यंत, मग अनेकांनी मिळून पाचांपर्यंत: खुलेपणा, कर्तव्यदक्षता, बहिर्मुखता, सौहार्द आणि भावनिक अस्थिरता. ह्या पाचांवर माणूस ‘ह्या खोक्यात की त्या’ नसतो, पट्टीवर कुठेतरी असतो, आणि बहुतेक जण मधोमध. बोलिव्हियातल्या चिमाने लोकांमध्ये ही पाचांची मांडणी नीट सापडली नाही, हेही सरांनी लपवलं नाही.

माझ्या कामाचं वाक्यही इथेच मिळालं. १९९१ मध्ये बॅरिक आणि माउंट यांनी बरेच अभ्यास एकत्र करून पाहिले, तर पाचांतली कर्तव्यदक्षता ही एकच गोष्ट सगळ्या प्रकारच्या कामांत चांगल्या कामगिरीशी जोडलेली निघाली. संबंध आहे, पण माफक. एकट्या चाचणीवर माणूस घ्यावा इतका तर नाहीच.

लिंबाची गंमत त्याच्या पुढच्या शनिवारी. बर्लिनमध्ये जन्मलेला आणि पुढे लंडनला स्थायिक झालेला आयझेंक म्हणे, अंतर्मुख माणसाचा मेंदू मुळातच जास्त जागा असतो, म्हणून त्याला बाहेरची गडबड लवकर नकोशी होते. त्यावरची एक जुनी चाचणी: कानकोरणीची कापसाची काडी मधोमध दोऱ्याने बांधून तराजूसारखी समतोल करायची. एक टोक वीस सेकंद जिभेवर. मग जिभेवर लिंबाचे चार थेंब, आणि दुसरं टोक वीस सेकंद. दोऱ्याला लटकवा. दुसरं टोक जितकं जास्त झुकलं तितकी लाळ जास्त, आणि लाळ जास्त तो अंतर्मुख. सगळा वर्ग तोंडात काड्या घालून बसला. लग्न ठरलेल्या मुलीची काडी धाडकन खाली, तिच्या होणाऱ्या नवऱ्याची ढिम्म हलली नाही. वर्गाचा तो महिन्याचा विषय झाला. सर म्हणाले, वीस माणसांत काही सिद्ध होत नाही, लिंबं मात्र संपली. मग आवाज बदलून त्यांनी उरलेलं सांगितलं. ह्याच आयझेंकचं, विशिष्ट स्वभावाच्या माणसाला कॅन्सर होतो असं म्हणणारं संशोधन, त्याच्या मृत्यूनंतर बावीस वर्षांनी, २०१९ मध्ये, लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या चौकशीत तपासलं गेलं आणि सव्वीस शोधनिबंध भरवशाचे नाहीत असं ठरलं. असली गोष्ट परिचयाच्या वर्गात सांगणारे शिक्षक मी फार पाहिलेले नाहीत.

स्किनर, मॅस्लो आणि रॉजर्स धावत-पळत झाले. मॅस्लोचा तो माणसाच्या गरजांचा प्रसिद्ध पिरॅमिड त्याने स्वतः काढलाच नव्हता, नंतरच्या मॅनेजमेंटवाल्यांनी काढला, ही माहिती मी सोमवारी ऑफिसातल्या भिंतीवरच्या पोस्टरखाली उभी राहून वापरली. बंडुराचा १९६१ चा बाहुलीवाला प्रयोग दाखवला: बहात्तर मुलं, मोठ्या माणसाला फुगीर बाहुलीला बडवताना पाहिलेली मुलं तशीच बडवतात. हा भाग सगळ्यांना आधीच माहीत असतो.

मिशेलची गोष्ट मला जड गेली, आणि तीच सगळ्यांत उपयोगी. १९६८ मध्ये त्याने दाखवलं, की चाचणीतल्या गुणविशेषावरून प्रत्यक्ष एखाद्या प्रसंगातलं वागणं सांगायला गेलं तर सहसंबंध (शून्य म्हणजे काहीच नातं नाही, एक म्हणजे पक्कं) साधारण ०.३० च्या वर जात नाही. मग स्वभाव असा काही नसतोच का? वीसेक वर्षं ह्यावर भांडण चाललं. पुढे मिशेल आणि शोडा यांनी उन्हाळी शिबिरातली मुलं तासन्‌तास पाहिली. एकच मुलगा बरोबरीच्यांनी चिडवलं की अंगावर जातो, पण मोठ्यांनी दटावलं की मुकाट ऐकतो. दुसऱ्याचं बरोबर उलटं. दोघांच्या भांडणांची बेरीज सारखी, माणसं वेगळी. स्वभाव म्हणजे ‘असं असेल तर तसं वागतो’ ह्याचा प्रत्येकाचा स्वतःचा नमुना. आमच्याकडे एक सेटर आहे, प्रेसवर डाय म्हणजे साचा बसवणारा. त्याच्या नावावर ‘भांडखोर’ असा शेरा आहे. मी जुन्या तक्रारी काढून बघितल्या: झाडून सगळ्या अशा दिवसांतल्या, जेव्हा डाय बदलताना त्याला न विचारता मदतनीस काढून घेतला होता. त्याची शिफ्ट बदलायचं चाललं होतं; ते थांबवलं आणि मदतनिसाचं वेळापत्रक बदललं.

केलीचं नाव मी आधी ऐकलं नव्हतं. १९५५ मध्ये त्याने म्हटलं, प्रत्येक माणूस हा छोटा शास्त्रज्ञच. जगाचा अंदाज बांधायला त्याने स्वतःच्या मोजपट्ट्या केलेल्या असतात, त्या बघा. रीत सोपी. ओळखीच्या तिघांची नावं लिहायची आणि सांगायचं, ह्यातले कुठले दोघं सारखे आणि तिसरा वेगळा, आणि कशात. मग दुसरे तिघं, मग तिसरे. ताईंनी वर्गातली पोरं घेतली. पहिल्या ओळीला हुशार-कच्चा. दुसरीला शांत-दंगेखोर. पाचव्या-सहाव्या ओळीला त्यांनी लिहिलं: ‘घरी विचारणारं कुणी आहे-नाही’. मग मागे जाऊन सगळी पोरं त्या पट्टीवर लावली, आणि हुशार-कच्चा रकाना जवळजवळ तसाच्या तसा खाली उतरला. त्या बराच वेळ कागदाकडे बघत बसल्या. सरांनीही त्यांना काही विचारलं नाही.

आता तो जोडधंदा. तिसऱ्या शनिवारी सरांनी एक खोडी केली होती. नाव नोंदवताना आमची सही आणि जन्मतारीख घेतली होती, त्यावरून काढलेलं ‘व्यक्तिमत्त्व वर्णन’ म्हणून प्रत्येकाला बंद पाकीट दिलं. वाचा, आणि किती जुळतं त्याला पाचपैकी गुण द्या. काकांनी पाच दिले आणि म्हणाले, “एकदम माझंच आहे हो, बायकोला दाखवतो.” वर्गाची सरासरी चारच्या वर. मग म्हणाले, शेजाऱ्याशी कागद बदला. सगळ्या पाकिटांत एकच मजकूर. १९४८ मध्ये फोररने हेच एकोणचाळीस विद्यार्थ्यांवर केलं होतं, मजकूर रस्त्यावरच्या स्टॉलवर मिळणाऱ्या ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेला, आणि सरासरी आली ४.२६.

आणि शेवटच्या शनिवारी, सरांच्या जागी, केंद्राच्या एक मॅडम लॅपटॉप घेऊन आल्या. चार रंगांची चाचणी. तुम्ही लाल की निळे. मूळ कल्पना युंगच्या प्रकारांवरून कॅथरिन ब्रिग्ज आणि तिची मुलगी इझाबेल मायर्स यांनी जे सोळा साचे केले त्यांचीच नातेवाईक. त्या साच्यांचं दुखणं म्हणजे सलग पट्टी मधोमध कापून माणसं दोन ढिगांत टाकायची, त्यामुळे काही आठवड्यांनी तीच चाचणी पुन्हा दिली तर बऱ्याच जणांचा साचा बदलतो. माझा रिपोर्ट निळा निघाला: ‘तुम्ही सहसा शांत असता, पण अन्याय दिसला की गप्प बसत नाही.’ काकांचा लाल होता, आणि त्यांच्याही रिपोर्टात दुसऱ्या पानावर हेच वाक्य. मी मॅडमना विचारलं, हा रिपोर्ट चुकीचा आहे हे कशावरून कळेल? त्या म्हणाल्या, “चुकीचा येतच नाही.” सविस्तर अहवालाचे आणखी बावीसशे. मुलांसाठी वेगळा पॅक. प्रमाणपत्रं त्यांच्याच टेबलावर ठेवलेली, म्हणजे त्या अहवालाचा फॉर्म न बघता ती घेताच येऊ नयेत. सर त्या दिवशी आलेच नव्हते.

किरकोळ: खुर्च्या हाताच्या, लिहायला बऱ्या, पण साडेसहानंतर पाठ दुखते. टिपणांच्या झेरॉक्स फिक्या, कॅटेलचा तक्ता वाचताच येत नाही. चहा चांगला. पार्किंग दुचाकीपुरतं. एसएसबीसाठी जाणार असाल तर लक्षात घ्या, चित्र बघून चार मिनिटांत गोष्ट लिहिण्याचा सराव इथे होत नाही. त्या चाचणीमागचा विचार तेवढा कळतो.

सात शनिवारांना पाचपैकी साडेचार, आठव्याला भोपळा. पुढची बॅच दिवाळीनंतर आहे. जाणार असाल तर नाव नोंदवतानाच लेखी विचारून घ्या की प्रमाणपत्रासाठी चाचणी सक्तीची आहे का. मी विचारल्यावर ऑफिसमधल्या मुलाने ‘नाही’ म्हणून सही दिली, आणि तोच कागद दाखवून मी शेवटी माझं प्रमाणपत्र घेऊन आले.